बिरोबाचं चॅनेल

कुपवाडच्या एमआयडीसीत दादासो गोरडाचं नाव काढा. ऐकणारा आधी हसणार आणि मग विचारणार, "त्यो देवाला जागा सोडणारा न्हवं?" हसायला लोकांचं काय जातं! स्वतःच्या गाडीच्या हँडलला लिंबू-मिरची लोंबत असते, आणि दुसऱ्याच्या देवावर दात काढायला हे सगळ्यांच्या पुढं.

दादासो आटपाडीकडचा धनगर. बापजाद्यांपासून घरात मेंढरं. बाप लवकर गेला, पण आई हरणाबाईनं कळप मोडला नाही आणि पोराची शाळाही मोडली नाही. स्वतः रानोमाळ फिरली, पोराला बहिणीच्या दारात ठेवून शिकवलं. पोरानंही तिचे पांग फेडले. आयटीआय झाला, कुपवाडला कामाला लागला, लग्न करून इथंच राहिला. आईला मात्र चार भिंतींत करमत नाही. ती अजून कळपामागंच असते.

ज्या गाळ्यात दादासो काम करतो तो संयोगिताचा. ही आष्ट्याची, उसाच्या घरातली. वडील सुभेदार होऊन फौजेतून परत आलेले, त्यामुळं घरात शिस्त आणि आवाज दोन्ही मोठे. इंजिनिअर झाल्यावर तिनं हे काम काढलं: कुणाची भट्टी, कुणाचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज, तिथं सेन्सर बसवायचे आणि आतलं तापमान कॉम्प्युटरवर आणून द्यायचं. दादासो तिच्यापेक्षा वयानं मोठा, म्हणून ती त्याला अहोजाहो करते. चुकलं की अहोजाहोतच झाडते.

आता कॉम्प्युटरच्या आत जे मोजणीचं कार्ड असतं, त्याला तारा जोडायच्या जागा मोजक्याच. या जागांना चॅनेल म्हणतात. गिऱ्हाईक मात्र आज चार खोल्या सांगतं आणि उद्या म्हणतं, शेजारच्याही घ्या की. मग कार्डापुढं एक जादा पेटी जोडायची. गाळ्यात तिला सगळे 'पिल्लू' म्हणतात. या पिल्लाला भरपूर तारा जोडता येतात आणि ते एकेका तारेला पाळीपाळीनं कार्डापुढं उभं करतं. मेंढरं वाघरीतून, म्हणजे जाळीच्या कुंपणातून, एकेक करून बाहेर सोडावीत, अगदी तसं. दादासोला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा तो म्हणाला होता, "आवं मॅडम, हे तर आमच्या घरचंच काम हाय."

आणि घरचं काम म्हटल्यावर घरची रीतही आलीच. गोरडांच्या कळपात वर्षाचं पहिलं कोकरू बिरोबाचं. ते विकायचं नाही, कापायचं नाही. म्हणून दादासो कुठलंही पिल्लू जोडताना पहिलं चॅनेल रिकामं सोडायचा. ते देवाचं. सेन्सर दुसऱ्यापासून पुढं. संयोगितानं एकदा कपाळाला आठ्या घातल्या, मग म्हणाली, "जागा पुरून उरतायत ना? मग राहू दे तुमचा देव." कॉम्प्युटरवर नावं टाकायचं काम तिचं, तिला रीत ठाऊक, त्यामुळं तीही दुसऱ्या चॅनेलपासून नावं टाकायची. वर्षानुवर्षं हे असंच चाललं. गाळ्यात इतकं अंगवळणी पडलं की कुणाला सांगायचं असतं हेच दोघं विसरले.

यंदा उन्हाळ्यात आटपाडीकडच्या एका मेंढपाळ संस्थेचं काम आलं. पावसाळ्याआधी मेंढरांना आंत्रविषाराची लस टोचतात. ती थंड ठेवावी लागते, उबली की पाणी. संस्थेनं लसीसाठी जादा फ्रीज घेतले होते आणि जुन्या कार्डावरच्या जागा पुरत नव्हत्या. पिल्लू जोडायला दादासो एकटाच गेला, कारण काम माहेरचं. बाप्याचं माहेर कसलं म्हणाल, पण त्याला तसंच वाटत होतं. ज्यांच्या बांधावर तो लहानपणी शेळ्या वळायचा, ती माणसं आता दारात उभी राहून म्हणत होती, "हरणाबाईचा दादासो बघा, कॉम्प्युटरवाला."

एरवी जोडणी झाली की तो प्रत्येक सेन्सर मुठीत धरायचा. मुठीच्या उबेनं त्याच नावापुढचा आकडा वर चढला की काम पक्कं. इथं मात्र फ्रीज लसीनं भरलेले. संस्थेच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एवढ्या उन्हात दारं उघडी ठेवायची नाहीत." बरोबरच होतं त्यांचं. संस्थेच्या कॉम्प्युटरवर बसणाऱ्या इंद्रजितनं स्वतःच नावं टाकली, पहिला फ्रीज, दुसरा फ्रीज, सहाव्यापर्यंत. सगळ्यांपुढं चारच्या आसपासचे आकडे आले. टाळ्या पडायच्या तेवढ्या राहिल्या.

दादासोनं आईला हाताला धरून आत आणलं. "बघ आई, कुठला फ्रीज किती थंड, हितं बसून समदं कळतंय."

हरणाबाईनं पदर सावरत स्क्रीनकडं पाहिलं. "आन् हे आकडं खरं बोलत्यात, हे रं कशावरनं?"

दादासो खळखळून हसला. "आगं, कॉम्प्युटर हाय त्यो. खोटं कसं बोलंल?"

हरणाबाई तशीच वळली. बाहेर मेंढरांकडं गेली.

पुढं काही दिवसांनी कुपवाडात दादासो दुसरं एक पिल्लू जोडत बसला होता. सवयीप्रमाणं पहिलं चॅनेल रिकामं. सहज स्क्रीनकडं नजर गेली तर रिकाम्या चॅनेलपुढंही आकडा. गाळ्यातल्या हवेचा, अगदी शेजारच्या सेन्सरसारखा.

"मॅडम, हितं तर तारच न्हाई. मग ह्यो बोलतोय कोण?"

संयोगिता मान वर न करताच म्हणाली, "मोकळं चॅनेल आहे ना, त्याला स्वतःचं काही नसतं. त्याच्याआधी जो बोलला त्याचंच उरलेलं ते सांगतं. उसनं बोलणं. आज तपासायला सगळी चॅनेलं घेतलीत; एरवी आपण ते स्क्रीनवर घेतच नाही, म्हणून तुम्ही पाहिलं नसेल."

दादासोच्या हातातली पकड खाली पडली. आटपाडीला नावं मॅडमनी टाकली नव्हती, इंद्रजितनं टाकली होती! आणि इंद्रजितला देवाचं चॅनेल कुठं ठाऊक? त्यानं पहिल्या फ्रीजचं नाव पहिल्या चॅनेलला दिलं असणार. म्हणजे पहिल्या फ्रीजच्या नावाखाली रिकाम्या चॅनेलची उसनवारी. दुसऱ्याच्या नावाखाली पहिला, तिसऱ्याच्या नावाखाली दुसरा. आणि सहावा फ्रीज कुठंच नाही. तो पेटला तरी कॉम्प्युटरला पत्ता नाही. सगळेच चारवर असल्यामुळं नावं सरकलीत हे कुणाला दिसायचं कसं?

फोन लावला. "इंद्रजित, पयल्या फ्रीजचं नाव कुठल्या चॅनेलला टाकलंयस?"

"पयल्याला. दुसरं कुठं टाकू? का रं?"

"लसीकरण कवा हाय?"

"आजच की. सकाळपासनं चालू हाय. तुझ्या आईचा कळप पयल्या नंबरला झाला."

"टोचायचं थांबव, आलोच," म्हणून दादासोनं फोन ठेवला. संयोगितानं त्याच्या तोंडाकडं पाहिलं, गाडीची किल्ली उचलली आणि एवढंच म्हणाली, "चला."

रस्त्यात ती बोलली. "चूक निम्मी माझी आहे. तुमची रीत मला माहीत होती. नावं टाकायला दुसरा बसतोय म्हटल्यावर मी सांगायला हवं होतं."  दादासोला कळपातली एकेक तोंडं दिसत होती. आंत्रविषार लागला की चरतं मेंढरू उभ्या उभ्या पडतं. आईचा तो सगळा संसार, आणि तो आपण आपल्या हातानं उघड्यावर टाकला, असं त्याच्या मनात घर करून बसलं.

संस्थेवर पोचल्या पोचल्या त्यानं सहाव्या फ्रीजचं दार उघडलं. आत दिवा झकास पेटलेला आणि हवा कोमट. मशीन कधीचं बंद पडलं होतं कोण जाणे. हाच फ्रीज दाराजवळ, म्हणून सकाळी बाटल्या आधी यातूनच काढलेल्या. गर्दीत बाटलीला हात लावून बघायची सवड कुणाला?

डॉक्टरीणबाईंनी डोक्याला हात लावला. "टोचलेल्यांना अपाय नाही. पण उपयोगही नाही. बाकीच्या फ्रीजमधली लस चांगली निघाली तर सकाळचे कळप पुन्हा टोचावे लागतील."

इंद्रजितनं दादासोला बाजूला ओढलं. "गड्या, गप ऱ्हा. लाईट गेली हुती म्हणून सांगू. लाईट काय, रोजच जातीय. तुझं नाव कशाला खराब करून घेतूस? हितं समदी तुला देवासारखी मानत्यात."

खोटं काय पचलं नसतं असं नाही. सहज पचलं असतं. दादासोही माणूसच, क्षणभर त्याला ते गोड लागलं. पण बाहेर मांडवाच्या सावलीला ती सगळी माणसं बसली होती, टोचलेली मेंढरं वाघरीत घालून, निर्धास्त. त्यांत त्याची आईही.

तो मांडवात जाऊन उभा राहिला.  "सहावा फ्रीज बंद पडला हुता," तो म्हणाला. "कॉम्प्युटरनं सांगितलं न्हाई, कारन म्या तारा जोडताना पयली जागा रिकामी सोडली आन् कुणाला बोललो न्हाई. सकाळी टोचलेली मेंढरं पुन्यांदा धराय लागतील. चूक माझी हाय."

मांडवात कुजबुज सुरू झाली. मग एक म्हातारा काठी आपटत उठला. "सकाळपासनं धरून धरून कंबरडं मोडलं आमचं! आरं, तुझ्या भरवशावर निजलो हुतो रं आमी!" दुसरा ओरडला, "लय शाना झाला हुता कॉम्प्युटरवाला!" दादासो मान खाली घालून ऐकत राहिला. त्यांचं काही चुकत नव्हतं.

तेवढ्यात हरणाबाई उठली. "ओरडून लस लागती का?" ती म्हाताऱ्याला म्हणाली. मग पोरापुढं येऊन उभी राहिली. "रिकामी जागा कशापायी सोडलीस?"

"देवाची म्हणून."

 राग नव्हता हरणाबाईच्या तोंडावर, पण दुःख होतं. "आपल्या कळपात देवाचं मेंढरू कंचं, वळखायचं कशावरनं?"

"घंटीवरनं."

"मग? देवाचं म्हणून आपुन त्याला मोकळं सोडतो व्हय? त्याच्या गळ्यात घंटी बांधतो. रातच्याला ती घंटी वाजली की म्या वळखते, कळप जाग्यावर हाय. न्हाई वाजली की उठून बघते. तू देवाला जागा दिलीस, लेकरा, घंटी बांधायची इसरलास."

दादासोच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. भर मांडवात, सगळ्यांदेखत. त्यानं ते पुसलंही नाही.

हरणाबाईनं पदर खोचला. "माजी पुन्यांदा धरा," ती म्हणाली आणि स्वतःच वाघरीत शिरली. तिच्या मागं तो म्हातारा पुटपुटत शिरला, आणि मग बाकीचे.

आत संयोगितानं डॉक्टरीणबाईंना गळ घातली. या वेळी त्यांनीच एकेक दार उघडून धरलं. दादासोनं प्रत्येक सेन्सर मुठीत धरला, इंद्रजितनं एकेक नाव आपल्या जागी आणलं. पाच फ्रीज खरंच थंड होते. लस चांगली निघाली, पुन्हा टोचायला सुरुवात झाली.

राहिलं देवाचं चॅनेल. दादासो म्हणाला, "मॅडम, त्याला घंटी कशी बांधायची?"

 संयोगितानं तारेचा बोटभर तुकडा कापून त्याच्या हातात दिला. "त्या चॅनेलचे दोन्ही स्क्रू यानं एकमेकांना जोडा. मग त्याला उसनं बोलता येणार नाही. कायम शून्यच दाखवायला पाहिजे. शून्य हलला तर समजायचं, पेटीत काहीतरी बिघडलंय, बाकीच्यांवरही विश्वास ठेवायचा नाही. आणि हो, हे आता स्क्रीनवर घ्यायचं. नावानिशी. सगळ्यांत वर."

इंद्रजितनं विचारलं, "नाव काय टाकू?"

दादासोनं सांगितलं.

आता कुपवाडातून जे पिल्लू बाहेर पडतं त्याच्या पहिल्या चॅनेलला तारेचा तो तुकडा असतो, आणि स्क्रीनवर पहिली ओळ बिरोबाची. लोक अजूनही हसतात. हसोत बापडे. आटपाडीचे आकडे हल्ली दादासोच्या मोबाइलवरही दिसतात. संध्याकाळी हरणाबाईचा फोन येतो, मागं मेंढरांचा गलका आणि त्यात ती घंटी. पूर्वी ती आधी विचारायची, जेवलास का. आता विचारते, "देव शून्यावर हाय न्हवं?"

मघाशीच बघितलेलं असतं. हाय म्हणून सांगून मोकळं व्हायला काहीच हरकत नसते.

"थांब आई," दादासो म्हणतो, "बघून सांगतो."