तिच्या श्वासावर

"झ्याक झालं भाऊ. आता यकदाच."

गिटारची शेवटची तार अजून वाजत असायची, तोवर त्याचं एक बोट वर झालेलं असायचं आणि डोळे काचेपलीकडे माझ्यावर. शिरूरला पिठाच्या गिरणीवर माझा छोटासा स्टुडिओ आहे. गुरुवारी गिरणी बंद, म्हणून रेकॉर्डिंग गुरुवारी. त्याच्या कारखान्यालाही गुरुवारचीच सुट्टी. पाठीला गिटार बांधून तो दौंडहून मोटारसायकलवर यायचा, दहाच्या ठोक्याला हजर. त्याचं 'यकदाच' म्हणजे किमान अकरा वेळा, हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं.

दौंडच्या रेल्वे कॉलनीत शेजारच्या एका निवृत्त इंजिन ड्रायव्हरने त्याला लहानपणी गिटार शिकवली होती. तेव्हापासून एकच खूळ, आपला बँड आणि आपली गाणी. ड्रमवर वरवंडचा शौकत, गिटारवर हा आणि गायला याची बायको. लग्नात लोक ओरडायचे, "ते इंग्रजी बंद करा आन् नाचायचं लावा!" गाणी मराठीच असायची. पण गिटार दिसली की आपल्याकडे लोकांना इंग्रजीच ऐकू येतं.

आठ गाण्यांचा अल्बम करायचा ठरला. चार झाली आणि वहिनी माहेरी, कवठे येमाईला निघून गेल्या. तिसऱ्या कुणाची भानगड नव्हती. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "भावजी, ह्यांचं कायबी यकदात संपत न्हाई. गाणं न्हाई, भांडान न्हाई. मी दमले." दोघांच्या सहीने सोडचिठ्ठीचा अर्ज करायचं ठरलं होतं. "अल्बमचा शब्द दिलाय, तेवढा पाळते. शेवटचं गाणं झालं की माझं बी झालं."

मग त्या एसटीने यायच्या, तो मोटारसायकलवर. चार हातांवर बसून दोघं बोलायचे ते माझ्यामार्फत.

"त्यांना सांगा, दुसऱ्या कडव्यात घाई करत्यात."

"तिला म्हणावं, घाई न्हाई, त्येच तसं हाय."

मी आपला मधल्या मध्ये मान हलवायचो. हसू यायचं, पण हसायची सोय नव्हती. उरलेली गाणी त्याने तिच्यासाठीच लिहिली होती. विचार करा, 'परत ये' म्हणून नवऱ्याने लिहायचं आणि सोडून गेलेल्या बायकोनेच ते माइकपुढे उभं राहून गायचं. वहिनींचा सूर एकदाही हलला नाही. शौकत मात्र काड्या खाली ठेवून खिडकीबाहेर बघत बसायचा.

आता त्याची एक खोड सांगतो, कारण सगळं तिथेच येऊन थांबतं. बाकीचे वादक एक-दोन-तीन-चार मोजून गाणं उचलतात. हा मोजायचा नाही. गाण्याआधी वहिनी श्वास घ्यायच्या, त्या श्वासावर याचा हात तारेवर पडायचा. "चौदा वर्षं तसंच वाजिवलंय भाऊ. मोजून न्हाई जमत." म्हणून दोघांचं वेगवेगळं रेकॉर्डिंग करता येईना. वहिनींना यावंच लागे.

शेवटच्या गाण्याला पाच गुरुवार गेले. दर वेळी काहीतरी बिघडायचं. कधी तार उतरायची, कधी मात्रा हुकायची. चौदा वर्षांत न हुकलेला माणूस आताच कसा हुकतो? मला वाटलं, मन ठिकाणावर नाही बिचाऱ्याचं. मी किती शहाणा!

पाचव्या गुरुवारी दुपारी वहिनी जिन्यात बसल्या होत्या. डबा उघडलेला, भाकरी तशीच. "भावजी, मला सोडवा ह्यातनं. त्यांच्या म्होरं हे गाणं आता गाववत न्हाई." त्यांचा चेहरा बघवेना.

मी तोड काढली. मंगळवारी गिरणीवाल्याच्या हातापाया पडून तासभर गिरणी बंद ठेवली आणि वहिनींना एकटंच गायला लावलं. एरवी गाण्यातले श्वास आम्ही पुसून टाकतो, ऐकायला बरे वाटत नाहीत. या वेळी एकूण एक श्वास ठेवला. "आता तुम्ही नाही आलात तरी चालेल," म्हटल्यावर त्या रडल्या, मग हसल्या. मला कोण धन्यता वाटली!

गुरुवारी तो आला. नवा शर्ट, चापूनचोपून केस. आधी तिच्या खुर्चीकडे बघितलं. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "दादा, वहिनींना आता यायला नको. सगळं घेतलंय, श्वाससुद्धा."

तो उभाच राहिला. "श्वास बी ठिवलाय?"

"हो."

"मंग मी आता कशापायी चुकू, भाऊ?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पाच गुरुवार हा माणूस मुद्दाम चुकत होता. अल्बम संपेस्तोवर ती येणार होती, म्हणून तो संपू देत नव्हता. त्याने माझे दोन्ही हात धरले. "पुसून टाका ते. चुकून पुसलं म्हणा. तिला यावं लागंल. यकदाच, भाऊ. पाया पडतो तुमच्या."

एक बटण दाबायचं होतं. पण जिन्यातल्या त्या चेहऱ्याला मी शब्द दिला होता. मी नाही म्हणालो. आजवर इतक्या जणांना नाही म्हटलं असेल, एवढं जड कधी गेलं नाही.

त्याने हेडफोन चढवले. वहिनींचा श्वास आला, याचा हात पडला. शेवटपर्यंत एक मात्रा इकडची तिकडे झाली नाही. गाणं संपलं. बोट वर झालं नाही. गिटार पाठीला बांधून तो जिना उतरून गेला.

अल्बम आला. वरवंडच्या लग्नांत आता तीच गाणी लावा म्हणतात. तो ऐकायला नाही. अर्जावर सही करून त्याने नोकरी सोडली. शौकत दोनदा दौंडला जाऊन आला. खोलीला कुलूप आहे, फोन लागत नाही.

ते गाणं जुळवताना मला शेवटी एक तुकडा सापडला होता. तार विझल्यावरही माइक चालू राहिला होता. त्यात त्याचा आवाज आहे, अगदी हळू, रिकाम्या खुर्चीला म्हणतोय, "आता यकदाच." मग कुणी श्वास घेईल एवढा वेळ तो थांबतो. मग गिटारच्या पिशवीची चेन ओढल्याचा आवाज येतो.