डाव्या हातांचा डबा

वादळांनी आमच्या घराचं जेवढं नुकसान केलं, त्याहून जास्त मी केलं, असं बाबांचं ठाम मत होतं. "सिक्लोनची रेडिओवर आधी खबर तरी येते," ते म्हणायचे, "तुझी तीबी न्हाय येत!"

सत्तरच्या दशकाचा शेवट होता. आमच्या बेटावरच्या लालमती गावात मी जुन्या खेळण्यांचा वैद्य म्हणून (कुप्र)सिद्ध होतो. रविवारी जवळच्या सांत्र द फ्लाकच्या बाजारातून मोडकी रॉकेटं, चेपलेल्या उडत्या तबकड्या उचलून आणायच्या आणि परसातल्या पत्र्याच्या खोलीत बसून दुरुस्त करायच्या, हा माझा छंद. (त्यापायी माझं ठरलेलं लग्न मोडलं. मुलीकडच्यांना वाटलं, हा बिजवर आहे, याला एक मूल आहे आणि आम्ही ते लपवतोय!)

पण त्या वर्षी हातात घेतलेलं काम हसण्यासारखं नव्हतं. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, इंग्लंडला नर्सिंग शिकायला गेला आणि तिथल्या थंडीत न्यूमोनियानं गेला. त्याची सामानाची पेटी परत आली, तो आला नाही. तेव्हापासून बाबांनी त्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. मागे उरला होता त्याच्या लहानपणचा जपानी रोबो. पत्र्याचा, गंजलेला आणि डावा हात नसलेला. तो अगदी पहिल्यासारखा करून बाबांसमोर चालवायचा, असं मी मनाशी ठरवलं होतं. मोटर सुधारली, चाकं बसली, हात मात्र मिळेना. बाजारात दिसेल त्या खेळण्याचा डावा हात मी उपटून आणत होतो. बिस्किटांचा एक डबा हातांनी भरला, पण एकही बसेना.

त्या सकाळी मोटर चालवून बघायची होती आणि घरात बॅटऱ्या फक्त रेडिओत होत्या. रेडिओनं नुकतंच सांगितलं होतं की वादळ दूर चाललंय. मी रेडिओवर विश्वास ठेवला आणि त्याच्याच पोटातल्या बॅटऱ्या काढल्या! रोबो चालला. छातीतला दिवासुद्धा लागला! मी धावत बाबांना बोलवायला निघालो, तर बाबा फळ्या आणि हातोडी घेऊन समोर उभे. वादळानं तोंड फिरवलं होतं.

खिडक्या ठोकून बाबा, मी आणि आमच्याकडेच राहणारी काकी असे आम्ही तिघं आतल्या खोलीत बसलो. बाहेर छपरं किंचाळत होती. काकीनं देवापुढे मेणबत्ती लावली. बाबांनी रेडिओचं बटण फिरवलं. रेडिओ गप्प.

"पिल कुठं हाइत रे?" बॅटऱ्यांना ते पिल म्हणत.

"रोबोच्या पाठीत," मी म्हणालो.

"आयो! पोरानं आमाला मारलं!" काकी ओरडली.

बाबांनी रेडिओचं झाकण उघडून रिकामं पोट पाहिलं आणि झाकण परत लावलं. त्यापेक्षा ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

दुपारी वारा एकाएकी थांबला. इतका, की मेणबत्तीची ज्योतही हलेना.

"फिनी! संपला! सिक्लोन गेला!" काकी दाराकडे धावली.

"गेला का त्याचा मधला डोळा वर आलाय, कुनाला ठावं?" बाबा म्हणाले. "रेडिओ असता तर कळलं असतं." दोघांनीही माझ्याकडे पाहिलं.

ती नजर मला सोसेना. अंगणातून धावत मी परसातल्या खोलीत शिरलो. रोबो मी बिस्किटांच्याच दुसऱ्या डब्यात ठेवला होता. अंधारात चाचपडून तो डबा छातीशी धरला आणि परत पळालो. उंबऱ्यात पाय ठेवतो न ठेवतो तोच वारा उलट्या दिशेनं आला आणि माझी खोली उचलून शेजारच्या उसात घेऊन गेला!

मी विजयी वीरासारखा डबा उघडला. आत डावे हात.

दादाचं शेवटचं होतं ते गेलं, आणि माझ्यामुळे गेलं. मोठ्यानं रडलो. काकीही रडली. मग ती एकदम म्हणाली, "अरे, तुझे बाबा कुठं हाइत?"

दार धाडकन उघडलं. बाबा चिंब भिजून आत पडले. मी डबा घेऊन पळालो तेव्हा ते माझ्यामागून खोलीत शिरले होते आणि ती उडायच्या क्षणभर आधी बाहेर पडून भिंतीला धरत आले होते. त्यांनी ओल्या सदऱ्यातून रोबो काढला.

"बाबा!" मी म्हणालो. "दादासाठी तुम्ही..."

बाबांनी रोबोचं झाकण उघडलं, बॅटऱ्या काढल्या आणि रेडिओत घातल्या. "वादळाच्या डोळ्यात कोणीही घराबाहेर पडू नये," रेडिओनं आम्हाला बजावलं.

दुसऱ्या दिवशी वादळ गेल्याची बातमी ऐकली आणि बाबांनी त्याच बॅटऱ्या पुन्हा रोबोत घातल्या. रोबो चिखलानं भरलेल्या जमिनीवरून घरघरत चालला. बाबा त्याच्याकडे बघत राहिले आणि कितीतरी वर्षांनी त्यांनी दादाचं नाव घेतलं. "आमचा विष्णू असाच त्याच्या मागं मागं फिरायचा."

"हात तेवढा राहिलाय," मी डोळे पुसत म्हणालो. "मिळेल कुठंतरी."

"कसला हात?" बाबा म्हणाले. "त्याला हात नव्हताच. पोर लुई शहरातल्या दुकानात मोडका होता म्हनून तर मला परवडला. विष्णूनं कदी इचारलं पन न्हाय."

जो डाव्या हातांचा डबा मी वादळाच्या डोळ्यातून वाचवून आणला होता, तो तेव्हाही माझ्या काखेत होता.