कोपऱ्यावर कोपरा

गोदामात तिला सगळे का-ताई म्हणत. कुणी काही सांगायचा अवकाश, हिचा प्रश्न तयार. चिकटपट्टी दोनदाच का ओढायची? प्लास्टिकची फिल्म खालूनच का गुंडाळायची? साहेबांनी तर एकदा हातच जोडले होते. "ताई, तुम्ही माल बांधा. चौकशा करायला पोलीस आहेत."

पण तिच्या कामाला नावं ठेवायची कुणाची टाप नव्हती. काचेच्या बरण्यांची खोकी पॅलेटवर, म्हणजे लाकडी फळ्यांच्या चौकटीवर, रचायची, वरून फिल्म ताणून गुंडाळायची आणि ट्रकमध्ये चढवायला द्यायची, हे तिचं काम. वडील गवंडी. त्यांना विटा देता देता ती मोठी झाली, त्यामुळे खोकीही ती विटांसारखीच रचायची. खालच्या दोघांच्या सांध्यावर वरचं एक, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. ढीग कसा भिंतीसारखा उभा राहायचा! लोक बघायला आले की ती उगाच फिल्म चाचपत तिथेच रेंगाळायची.

आणि नेमक्या तिच्याच बरण्या फुटत होत्या. लागोपाठ तीन गाड्यांमध्ये खालच्या थराचा चुरा निघाला.

"चौथ्या गाडीत फुटलं तर पॅकिंग बाहेर द्यायचं, असा वरून हुकूम आहे," साहेब म्हणाले. "मग तुम्ही लेबलं चिकटवायला बसा."

बारा वर्षं माल बांधल्यावर आता लेबलं!

सगळ्यांनी ड्रायव्हरच्या डोक्यावर खापर फोडलं. ती त्याला विचारायला गेली, तर तो उसळला. "माझ्या गाडीला कशाला दोष देता? त्याच गाडीत त्या नव्याने कामाला लागलेल्या बाईंनी बांधलेला माल होता. नुसती एकावर एक ठेवलेली खोकी. ती धडधाकट कशी पोचली, ते सांगा की!"

त्याचा राग तिने कानाआड केला, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना.

परत आलेली चेपलेली खोकी रद्दीत जायची होती. जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून ती त्यांच्यात जाऊन बसली. एकेक उलटसुलट करून पाहिलं. सगळी वरून, लांब कडेच्या मधोमध खचलेली. वरच्या खोक्याचे कोपरे बरोबर तिथेच टेकत होते. तिने एक रिकामं खोकं ठेवून कडेच्या मध्यावर पाय दिला. पाय सरळ आत. दुसऱ्याच्या कोपऱ्यावर दिला. खोकं हूं की चूं करेना. जुनी जाड पुठ्ठ्याची खोकी तिची रचना सोसत आली होती, ही नवी पातळ सोसत नव्हती.

म्हणजे चूक रचण्यात होती, आणि ते रचणं बाबांचं. हे त्यांना सांगणं तिच्या अगदी जिवावर आलं. बाबांची चूक काढून सुखरूप सुटलेलं माणूस घरात एकही नव्हतं.

संध्याकाळी तिने दोन खोकी त्यांच्या खाटेपुढे ठेवली.

"बाबा, सांध्यावर सांधा आला तर काय होतं?"

"भिंत फाटते. हे काय विचारणं झालं?"

"खोक्यांचं उलटं आहे, बाबा. वीट भरीव असते. यांचा सगळा जोर कोपऱ्यांत."

बाबांनी कडेच्या मधोमध तळवा दाबला. मग कोपऱ्यावर. मग पुन्हा मधोमध. मग ते भिंतीकडे तोंड करून पडले. तिला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिने कोपऱ्यावर कोपरा ठेवून सरळ खांब उभे केले. खांब सुटे होऊ नयेत म्हणून फक्त शेवटचा थर आडवा घातला. चारी कडांना पुठ्ठ्याच्या जाड पट्ट्या लावल्या आणि पॅलेटच्या लाकडापासून वरपर्यंत फिल्म आवळली.

"ही कसली उतरंड?" साहेबांनी विचारलं.

"फुटलं तर बसते लेबलांना," ती म्हणाली. तिने फिल्मचं टोक घट्ट खोचलं.

चार दिवस बाबा रोज एवढंच विचारत, "गाडी पोचली?" पाचव्या दिवशी साहेब स्वतः तिच्या टेबलापाशी आले. एकही बरणी फुटली नव्हती.

घरी येऊन तिने हे सांगितलं, तेव्हा बाबा खाटेवरून उतरून जमिनीवर बसले. दोन्ही खोकी त्यांनी पुढे ओढली.

"बस इथे," ते म्हणाले. "आता मला शिकव."