डावीकडं आई उभी होती

"उजवीकडं बघा," मी माईकवर म्हणाले. "ही जुनी कमान बघा. दगडातली वेलबुट्टी बघा."

मिनीबसमधल्या सगळ्या माना उजवीकडं वळल्या. डावीकडं आमच्या बौद्धवस्तीचा रस्ता होता. त्याच्या तोंडाला माझी आई उभी होती. इस्त्रीचं लुगडं नेसून. गाडी थांबेल म्हणून ती दोन पावलं पुढं आली. गाडी थांबली नाही. डोळ्याच्या कोपऱ्यात ती दिसली, तरी मी मान वळवली नाही.

मी चित्रकार. कोल्हापुरातच शिकले, माणसांची चित्रं रंगवते. तेवढ्यावर घर चालत नाही म्हणून एका संस्थेच्या कलाफेऱ्या चालवायचे. रविवारी पुण्या-मुंबईचे पाहुणे गाडीत घालायचे आणि इथल्या चित्रकारांच्या, मूर्तिकारांच्या घरी न्यायचे. कलाकार राहतो तिथंच त्याचं काम बघायचं, अशी कल्पना. त्या खेपेला पत्रकावर सहा घरं छापली होती. सहावं माझं.

आईनं मार्केट यार्डातल्या मिरच्या निवडायच्या कामाचा खाडा केला. खोलीला चुना दिला. शेजारून कपबशा मागून आणल्या. भिंतीवर माझी चित्रं. सगळी वस्तीतल्याच बायांची, त्यात एक आईचं. त्या बायाही केसाला तेल लावून बसल्या होत्या. आपल्याला बघायला लोक येणार म्हणून.

सकाळी गाडी निघायच्या आधी संस्थेचे कार्यवाह भाऊसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुझ्याकडचा थांबा राहू दे आज. तिथं चहापाणी आलं. चारजण पितील, चारजण नाही पिणार. उगं पंचाईत. तुझी चित्रं हॉलवर आणून लाव की. चित्रांबद्दल कुणाचं काही म्हणणं नाही. आणि वस्ती आली की कमानीचं सांग."

चित्रांबद्दल म्हणणं नाही.

मी म्हणाले, "बरं."

घरी आले तर कपबशा तशाच मांडलेल्या.

"गाडी फुडं गेली की गं," आई म्हणाली. "तू आत न्हवतीस व्हय?"

खोटं बोलता आलं असतं. "होते," मी म्हणाले.

"मग हाक का मारली न्हाईस?"

ती ओरडली नाही. कुणी तोंडही न लावलेल्या कपबशा तिनं धुतल्या, पुसल्या, शेजारी नेऊन दिल्या.

त्यानंतर ब्रश हातात धरवेना. शाळेपासून लोकांनी मला बाजूला बसवलं होतं. ते सोसायची सवय होती. पण या खेपेला सगळ्यांच्या माना मी वळवल्या होत्या. माझ्या तोंडानं. माझ्या आवाजात. दोनदा रंकाळ्यावर जाऊन बसले. मनात काय काय आलं, ते सांगत नाही.

पुढची फेरी आली. वस्ती दिसली तशी मी ड्रायव्हरला म्हणाले, "मामा, गाडी बाजूला घ्या."

भाऊसाहेब पुढंच बसलेले. "काय झालं?"

मी माईकवर बोलले. "मी चित्रकार आहे. माझं घर या वस्तीत आहे. मागच्या वेळी पत्रकावर ते छापलेलं होतं. काही जण इथला चहा पिणार नाहीत म्हणून गाडी थांबवली नाही. आज मी उतरतेय. यायचं त्यांनी या."

एक बाई पर्स घेऊन अर्धवट उठल्या. नवऱ्याकडं बघून परत बसल्या.

"माईक ठेव आणि उतर," भाऊसाहेब म्हणाले. "परत येऊ नकोस."

उतरले. माझ्यामागं कुणी उतरलं नाही. गाडी गेली.

आईला सांगितलं. ती इतकंच म्हणाली, "आता खायाचं काय?"

दुसऱ्या दिवसापासून तिच्याबरोबर मिरच्या निवडायला गेले. बोटांची आग होते. त्याच बोटांनी रंगवते. हातानं चिठ्ठ्या लिहून वाटल्या: कलाफेरी माझ्या घरातनं निघेल, आधी बसायचं, चहा घ्यायचा, मग पुढं. चार रविवार दारात उभी राहिले. एकही माणूस आला नाही.

मग भाऊसाहेबांचा निरोप आला. पत्रकावर छापलेलं आईचं चित्र एका बड्या घराला हवंय. पाठवून दे.

निरोप्याला म्हणाले, "त्या घरच्यांना सांग, चित्र पाठवणार नाही. घरी यायचं. जिचं चित्र आहे तिच्या हातचं पाणी प्यायचं. मग बोलू."

ते आले नाहीत. येणारही नाहीत कदाचित. घरात पीठ संपत आलंय. तरी चित्र भिंतीवरच राहील. या शहराला माझी चित्रं हवी असतील, तर आधी माझ्या माणसांत येऊन बसावं लागेल. यातलं एक अक्षर मी कमी करणार नाही.