सूपचा सहावा चमचा

गल्लीत त्यांना सगळे कवळीवाले म्हणायचे आणि त्यांना त्याचं काही वाटायचं नाही, उलट बरंच वाटायचं. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाची मापं यायची आणि त्यांवरून हे आपल्या छोट्याशा लॅबमध्ये कवळ्या घडवायचे. रस्त्यात कुणी हसलं की यांची नजर आधी हिरड्यांवर जायची, मग चेहऱ्यावर. लग्नाच्या फोटोत हे कौतुकाने बायकोकडे बघताहेत असं लोकांना वाटतं. खरं म्हणजे तेव्हा ते तिच्या मागे उभ्या असलेल्या मामांचा वेडावाकडा सुळा न्याहाळत होते. हे बायकोनेच सगळ्यांना सांगून ठेवलंय.

अशा माणसाला वेड लागलं तेही तोंडात जाणाऱ्या वस्तूंचंच. डेन्मार्क-स्वीडनकडचे जुने काटे, चमचे, सुऱ्या. नक्षी नाही, वेलबुट्टी नाही, नुसतं मंद चमकीचं स्टील. काट्याचे दात आखूड, सुरीचं पातं बोटभर आणि सूपचा चमचा उथळ, जवळजवळ गोल. बायको पहिल्यांदा म्हणाली, हे हॉस्पिटलातल्या सामानासारखं दिसतंय. त्यावर हे संध्याकाळपर्यंत फुगून बसले. मग चमच्यांना शोभतील अशा मातकट बशा आल्या, बशांना शोभेल असं कपाट आलं, आणि कपाटाची किल्ली यांच्या गळ्यात आली. कपाटातलं काही वापरायचं नाही असा घरात कायदा होता. त्यामुळे एवढं वैभव असूनही घरची माणसं वाकड्या दांड्यांच्या जुन्या चमच्यांनीच जेवत होती.

या वैभवात एकच खोट होती. यांच्या सगळ्यात लाडक्या संचात सगळं सहा-सहा होतं, पण सूपचे चमचे पाचच. पार्सल आलं त्या दिवशी यांनी जेवणाच्या टेबलावर सगळं मांडलं, तेवढ्यात लॅबमधून बोलावणं आलं म्हणून गेले आणि परत येऊन मोजतात तर पाच. टेबलापाशी यांच्या सासूबाई वाटाणे सोलत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, अरेरे. यांनी विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि तेव्हापासून वर्षानुवर्षं त्या सहाव्या चमच्यासाठी पायाला भिंगरी लावून फिरले. जुन्या बाजारात ज्याच्या त्याच्या ड्रॉवरमध्ये हात घालायचे. एकदा तर एका लग्नाच्या जेवणात शेजारच्याच्या हातातला चमचा यांनी उलटा करून बघितला, तोही त्याचा घास चालू असताना.

सासूबाई यांच्याकडेच राहायच्या. त्यांची कवळी जावयानेच केलेली, आणि जावयाला तिचा कोण अभिमान. घरी पाहुणे आले की चहाआधी म्हणायचे, "आई, जरा हसा." सासूबाई हसायच्या. मग हे पाहुण्यांना प्रकाशाच्या बाजूला बसवून पुन्हा हसायला लावायचे.

गावात असल्या जुन्या वस्तू जमवणाऱ्यांचं एक मंडळ होतं. अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीशबाई. त्या साधं मीठ मागितलं तरी निकाल दिल्यासारख्या मागायच्या. मंडळाचा नियम असा, की ज्याला सभासद व्हायचं त्याने आपला पुरा संच मंडळाला घरी बोलावून दाखवायचा. अध्यक्षबाई एकेक वस्तू उलटी करून पाठीवरचा शिक्का भिंगातून वाचणार आणि मग त्याच संचाने सगळे तिथेच जेवणार. कवळीवाल्यांना सभासद व्हायची इतकी आस, की झोपेत नियम पुटपुटायचे. अर्ज कधीच केला नव्हता, कारण चमचे पाच. शेवटी एकदा बोलता बोलता यांच्या तोंडून निघून गेलं की संच पुरा आहे, आणि बाईंनी तिथल्या तिथे तारीख दिली.

आता आली का पंचाईत. पण माणूस कारागीर. यांनी पाचांतला एक चमचा लॅबमध्ये नेला, त्याचं माप घेतलं, मेणाचा चमचा केला, मेण साच्यात वितळवून काढलं आणि त्या जागी कवळीच्या सांगाड्याचा धातू ओतला. वाळूच्या झोताने घासल्यावर तीच मंद चमक आली. शिक्कासुद्धा अस्पष्ट का होईना, उमटला. हे खूश. कुणी विचारलं तर सांगू, नाही विचारलं तर कशाला उगाच, असं त्यांनी मनाशी ठरवलं. यात लबाडी होती हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्या दिवसांत ते बायकोशी फारच गोड बोलत होते.

मंडळ आलं. पाहुणे पाच आणि यजमान सहावे. टेबल असं सजलं होतं की बायकोलाही क्षणभर नवऱ्याचं कौतुक वाटलं. सासूबाईंचा सूपचा वाडगा नेहमीप्रमाणे आतल्या खोलीत दिला होता. अध्यक्षबाईंनी भिंग काढलं. काटे झाले, सुऱ्या झाल्या, सूपचे पाच चमचे झाले. सहावा त्यांनी उलटा केला, भिंग जवळ नेलं, लांब नेलं, आणि खड्या आवाजात वाचलं, "वरचा जबडा."

त्याचं असं झालं होतं. लॅबमध्ये साच्यात घालण्याआधी प्रत्येक मेणाच्या पाठीवर ते कोणत्या जबड्याचं आहे हे टोकदार हत्याराने कोरायचं असतं, नाहीतर एकाची कवळी दुसऱ्याच्या घरी जाते. आयुष्यभर हेच केलेला हात. त्याने आपलं काम केलं होतं, आणि पाठ घासताना चष्मा होता कपाळावर.

एक सभासद म्हणाले, हा एखादा अनोळखी कारखाना असावा. दुसरे म्हणाले, डिझाइनरचं टोपणनाव असेल. अध्यक्षबाई म्हणाल्या, खुलासा करा. हे नुसते टेबलक्लॉथची घडी सरळ करत राहिले. कान लाल झालेले. बायकोला वाटलं, आता हे रडतात.

तेवढ्यात आतल्या खोलीच्या दारातून सासूबाई बाहेर आल्या. हातात सूपचा वाडगा आणि वाडग्यात चमचा.

"त्यांना काही बोलू नका. खरा माझ्याकडे आहे," त्या म्हणाल्या.

त्यांनी चमचा वाडग्यातून काढला, पदराने पुसला आणि टेबलावर इतर पाचांच्या शेजारी ठेवला. पार्सल आलं त्याच दिवशी त्यांनी तो सहज तोंडात घालून बघितला होता आणि परत ठेवायचा धीर झाला नव्हता. तेव्हापासून आतल्या खोलीत त्या त्यानेच जेवायच्या आणि स्वतःच धुऊन उशीखाली ठेवायच्या. बायको आईकडे बघतच राहिली. मंडळाला हे सगळं फारच रंजक वाटत होतं, पण कवळीवाल्यांनी त्यांच्याकडे पाठ केली होती. त्यांनी चमचा उचलला आणि दिव्याखाली धरला. चमच्याची डावी कड झिजून आरशासारखी चकचकीत झाली होती. उजवीकडे मूळची मंद चमक जशीच्या तशी. आता यांना चमच्यातलं कळो न कळो, तोंडातलं कळत होतं. माणूस एवढी वर्षं एकाच बाजूने केव्हा खातो, हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

"आई, कवळी हलते?"

सासूबाईंनी लेकीकडे बघितलं, मग खाली. "हलते."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. खोलगट चमचा आत गेला की निसटते. हा तेवढा जातो. तुम्ही इतक्या हौसेने केली होती, जावईबापू. सगळ्यांना दाखवत होतात. कसं सांगणार?"

कवळीवाले मटकन खुर्चीवर बसले. किती पाहुण्यांसमोर यांनी त्यांना हसायला लावलं होतं, आणि प्रत्येक वेळी ती बाई जिभेने कवळी धरून हसली होती. यांना इतकी लाज वाटली की सभासदत्वाचं काय झालं हे विचारायचंही सुचलं नाही. सूप गार होऊन गेलं. संच वादात पडल्यामुळे मंडळाने ते घरातल्या वाकड्या चमच्यांनीच संपवलं. अध्यक्षबाईंनी निकाल राखून ठेवल्याचं जाहीर केलं. जाताना मात्र त्या दारात रेंगाळल्या, बाकीचे जिना उतरेपर्यंत थांबल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "माझी पण हलते. बघाल का?"

सकाळी यांनी लॅब उघडली ती सासूबाईंना घेऊनच. नवं माप घेतलं, तेही नीट वेळ देऊन, आणि या वेळी पदोपदी विचारलं, इथे टोचतं का, खरं सांगा, माझी भीड नको. सासूबाईंनी मग इतक्या तक्रारी केल्या की एवढ्या वर्षांचा अनुशेष भरून निघाला. कवळी यांनी स्वतः खरडली, पुन्हा खरडली, आणि तयार झाली तेव्हा कुणालाही दाखवली नाही.

कवळी तयार झाली त्याच दिवशी दुपारी यांनी गळ्यातली किल्ली काढून कपाटाच्या कुलपातच ठेवून दिली आणि सगळा संच जेवायला मांडला. सासूबाईंच्या पुढे त्यांचाच, डावीकडे झिजलेला चमचा. स्वतःपुढे वरचा जबडा. सासूबाई म्हणाल्या, आता मला कुठलाही चालेल, हा तुम्ही ठेवा. हे म्हणाले, राहू द्या. मग त्यांनी ब्रेडची कडक कड मोडून सासूबाईंपुढे धरली आणि श्वास रोखून बसले. सासूबाईंनी ती सवयीने डावीकडे घेतली, क्षणभर थांबल्या, जिभेने उजवीकडे सरकवली आणि चावली. कुर्रकन आवाज झाला. बायको हसली. सासूबाईही हसल्या, कुणी न सांगता.