गोळी आणि अण्णांची पंगत

मी चेतनाची नणंद. भावजयीचं कौतुक करणं आमच्या नात्याच्या रीतीत बसत नाही, पण कुणी विचारलं नाही तरी मी ते करते.

माझा धाकटा भाऊ विक्रांत कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी पुण्याहून गुडगावला आला, तेव्हा त्यांच्या सोसायटीपर्यंत धड रस्ताही नव्हता. काचेच्या इमारती मात्र उभ्या राहिल्या होत्या. दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधून मी बस बदलत बदलत जायची आणि पोचेपर्यंत वैतागलेली असायची. चेतनाने तिथे संसार मांडला, नोकरी धरली, पाण्याच्या टँकरवाल्याशी हिंदीत भांडायला शिकली. आवाज न चढवता भांडते ती. समोरचाच दमतो.

तिची मुलगी मयुरा म्हणजे पायाला भिंगरी. अर्धं वाक्य ऐकून पळणार, उरलेलं आपण भिंतीला सांगायचं. दुसरीत असताना डॉक्टरांनी सांगितलं की हा खोडकरपणा नाही, लक्ष टिकत नाही, त्यावर औषध आहे. रोज सकाळी एक गोळी सुरू झाली आणि पोर वर्गात बसायला लागली, गणितं पुरी करायला लागली. पण तिची भूक मेली. डबा जसाच्या तसा परत यायचा. वर्ष उलटलं तरी शाळेचा स्कर्ट आखूड होईना, तेव्हा मात्र चेतना डॉक्टरांकडे जाऊन बसली. ते म्हणाले, "उन्हाळ्याच्या सुट्टीपुरती थांबवून बघू. सगळ्याच मुलांना हे मानवत नाही, काहींना घरीही गोळी लागते. अवघड वाटलं तर लगेच फोन करा."

नेमकं त्याच सुट्टीत आमच्या वडिलांचं, अण्णासाहेबांचं, सहस्रचंद्रदर्शन गुडगावला करायचं ठरलं. अण्णा पुण्याहून आले ते अट घेऊनच. जेवण उभ्याने नाही, पानावर. पंगत शिस्तीतच झाली पाहिजे.

इकडे गोळी थांबलेली मयुरा सोफ्यावरून उड्या मारत होती. आदल्या दिवशी विक्रांत म्हणाला, "यार चेतना, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. ऑफिसची माणसं येणारेत. उद्यापुरती गोळी दे ना."

"बरोबर आहे," अण्णा म्हणाले. "कार्य नीट पार पडू दे."

मला तिच्या बाजूने बोलायचं होतं, पण चेतना थांबते कुठे!

"अण्णा, गोळी मयुराला बरं वाटावं म्हणून आहे, पाहुण्यांना बरं वाटावं म्हणून नाही. उद्या ती पंगतीत वाढेल."

"ती? पंगतीत?"

"हो. सांडलं तर मी पुसेन."

सासऱ्यांना असं सांगायला छाती लागते. आमच्या घरात तोवर कुणाची झाली नव्हती, माझीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या हॉलमध्ये पानं मांडली आणि घोळ झाला. केटररची दिल्लीची पोरं कोशिंबीर उजवीकडे आणि भाजी डावीकडे वाढू लागली. अण्णांच्या कपाळाला आठ्या पडल्या. एवढ्यात मयुरा धावली.

"भैया, चटनी-कोशिंबीर लेफ्ट में! सब्जी राइट में! बिल्कुल उलटा कर दिया आपने!"

आईने सकाळी पाटावर बसवून शिकवलं होतं ते. पोरगी या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होती. कुणाचं लिंबू राहिलं, कुणाला वरण हवंय, मागायच्या आत तिला दिसत होतं. मठ्ठा वाढताना मात्र अर्धा पेला अण्णांच्या रेशमी उपरण्यावर गेला. चेतना फडकं घेऊन आली, पुसलं, आणि मयुराला म्हणाली, "आता पुढचं पान." मयुरा पुढच्या पानाकडे गेली. माझा ऊर भरून आला तो तिथे.

शेवटी ती स्वतः जेवायला बसली. एक पुरणपोळी संपली, दुसरी संपली.

"आई, अजून आहे?"

हा प्रश्न त्या घरात किती दिवसांनी ऐकू आला होता! चेतना वळून भिंतीकडे बघत राहिली. मठ्ठ्याचं उपरणं सावरत अण्णा उठले आणि स्वतःच्या हाताने नातीला पोळी वाढली, वर तूपही सोडलं.

सुट्टी संपेपर्यंत अण्णा तिथेच राहिले आणि पार नातीच्या पक्षात गेले. शाळेच्या पहिल्या सकाळी चेतनाने डॉक्टरांशी ठरल्याप्रमाणे पुन्हा गोळी काढली, तर अण्णा आडवे आले.

"कशाला हवीय आता? माझी अख्खी पंगत सांभाळली पोरीने!"

"अण्णा, पंगतीत धावायचं असतं. वर्गात बसायचं असतं," चेतना म्हणाली. "पुढच्या सुट्टीत पुन्हा डॉक्टरांना विचारू."

अण्णा मयुराकडे वळले. "तुला काय वाटतं गं?"

"आजोबा, गोळी घेतली की टीचरचं पूर्ण ऐकू येतं मला," ती म्हणाली आणि आईपुढे हात पसरला. तिचा नवा स्कर्ट मागच्यापेक्षा लांब शिवला होता.

अण्णा आत गेले आणि नातीसाठी पाण्याचा पेला भरून घेऊन आले.