खोली मोकळी ठेवायची नाही

मी भित्री बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. लहानपणी पालीला भ्यायचे, लग्नानंतर सासूला. आणि चाकणजवळच्या त्या माळावर राहायला गेल्यावर तर कशाला भीत नव्हते ते विचारा.

आम्ही लातूरकडचे. नवऱ्याला चाकणच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर काम लागलं. आधी रहाटणीत नणंदेच्या शेजारी भाड्याने राहिलो. मग तळेगाव रस्त्यापासून आत एका शेताचे प्लॉट पाडले होते, तिथे आम्ही एक गुंठा घेतला आणि त्यावर खोली उभी केली. भिंती पत्र्याच्या, वरही पत्रा. त्या सगळ्या प्लॉटांत पहिली खोली आमची. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला लांबवर कंपन्यांच्या शेड आणि शेजार म्हणायला टिटव्या.

प्लॉट ताब्यात देताना एजंटने एकच मंत्र दिला होता. "वहिनी, खोली मोकळी ठेवायची नाही." सातबारा सगळ्यांचा सामाईक, मोजणी व्हायची होती. खोली मोकळी दिसली की कोणीतरी कुलूप तोडून आत आपली चूल मांडणार, आणि मग आपण कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या. नवऱ्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलायची. मग खोली राखायची कोणी? मी. बायको मी, स्वैपाकीण मी आणि बिनपगारी वॉचमनही मीच.

त्यात मला दिवस गेलेले. रहाटणीत असताना पहिलं मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. कोणी काही बोललं नाही, पण सासरी-माहेरी सगळ्यांनी माझ्या चालण्या-बसण्यात, खाण्यापिण्यात काहीतरी चुकलं असणार असं मनात धरलं होतं. मीही धरलं होतं. त्यामुळे या खेपेला मी पाण्याची कळशीसुद्धा भीतभीत उचलायचे. उसात बिबट्या आहे असं टँकरवाला सांगून गेला, तेव्हापासून उसाकडे पाठ करून बसणं बंद केलं. साप तर परवानगी न घेता यायचे.

पण सगळ्यात जास्त भीती वाटायची ती एका म्हातारीची.

ती रोज सकाळी यायची. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, पायात लेकाच्या असाव्यात अशा मोठ्या चपला. पायवाटेवर, आमच्या हद्दीच्या जेमतेम बाहेर उभी राहायची आणि आमच्या खोलीबाहेरच्या मोरीकडे बघत बसायची. मी तिथे धुणं धूत असायचे. ना हाक, ना हसणं. बराच वेळ बघायची आणि उसाच्या कडेने परत जायची. उसापलीकडे त्यांचा दुमजली बंगला दिसायचा.

नवऱ्याने चौकशी केली. हे सगळं शेत त्यांचंच होतं, लेकाने विकलं होतं. एजंट म्हणाला, "मूळ मालक आहेत. तिच्याशी एक शब्द बोलू नका. आज म्हातारी बघून जाते, उद्या पोरं घेऊन येईल." झालं. तेव्हापासून ती दिसली की मी आधी दाराकडे बघायचे. मग भीतीचा राग व्हायचा, आणि राग काढायला माझ्याकडे धुण्याशिवाय होतं काय? ती आली की मी तिच्याकडे पाठ करायचे आणि नवऱ्याची तेलकट पँट दगडावर दाणदाण आपटायचे. बघ म्हणावं, इथे कोणीतरी राहतं.

तो दगडही तिथलाच. जेसीबीने शेत सपाट करताना जे दगडगोटे निघाले ते सगळे एका कोपऱ्यात ढकलून ठेवले होते. त्यातला एक चिखलाने माखलेला, एका बाजूने चांगला चपटा दगड नवऱ्याने पहारीने लोटत मोरीपाशी आणून दिला होता. धुण्याला इतका चांगला दगड मला माहेरीही मिळाला नव्हता.

बाळंतपण माहेरी, असा आमच्याकडे रिवाज. पण मी गेले तर खोली राखणार कोण? म्हणून आईच लातूरहून आली. दवाखान्यात आई माझ्याजवळ थांबली आणि नवरा प्लॉटजवळ. मुलगा झाल्याचं त्यांना फोनवर कळलं. सुखरूप घरी आलो तेव्हा मला वाटलं, चला, सुटलो.

पाचवीच्या दिवशी आईने पूजेची तयारी काढली. पाचवीला सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते, तिला पुजायचं असतं. पूजेला पाटा-वरवंटा लागतो, आणि आमच्या घरात मिक्सर. आई चिडली. "मिक्सर पुजू का आता?" मग तिची नजर मोरीतल्या दगडावर गेली. तो उलटा करू, धुऊन स्वच्छ करू, पाट्यासारखा मांडू असं तिने ठरवलं. आई शेतात राबलेली. तिने पहार घातली आणि दगड उलथला.

मातीत गेलेल्या अंगाला शेंदूर होता. जाड, थरावर थर चढलेला शेंदूर, आणि त्यात बसवलेले दोन चांदीचे डोळे. त्यातला एक निखळून पडला.

आईने पहार टाकली. "माय," ती हळूच म्हणाली, "ही तर सटवाई हाय. हिच्यावर कापडं आपटलालीस व्हय तू?"

जी लेकरांचं नशीब लिहिते, तिच्या पाठीवर मी पोटुशी असताना रोज दाणदाण धुणं आपटलं होतं. आणि म्हातारी काय बघायची तेही त्याच क्षणी कळलं. ती प्लॉट बघत नव्हती, तो दगड बघत होती.

त्यात बाळ सकाळपासून अंगावर पीत नव्हतं. नुसतं झोपून होतं. आधी मला वाटलं, शहाणं आहे. आता उठवायला गेले तर डोळेच उघडेना. तळपायाला टिचक्या मारल्या, तर जरा कुरकुरलं आणि पुन्हा मान टाकली. मला पहिल्याचा चेहरा आठवला. तो मी एकदाच पाहिला होता.

जेवणाच्या सुट्टीत नवऱ्याचा फोन आला. मी रडत सगळं सांगितलं. ते घाईघाईने बोलू लागले. "हे बघ, दगड गोणीत घालून ठेव. संध्याकाळी ओढ्यात सोडून येतो. म्हातारीला कळता कामा नये. देवी निघाली म्हणतील, देऊळ बांधतील, प्लॉट गेलाच समज."

"आणि बाळ?"

"बाळाला काय झालंय? दमलं असेल."

तेही भ्यालेच होते, फक्त पुरुषासारखे. घर गेलं तर आम्हाला दुसरं घर नव्हतं, हे मलाही कळत होतं. पण मी फोन ठेवला, कानाला फडकं बांधलं, बाळ आईच्या मांडीवर दिलं आणि बाहेर पडले. सोयरातली ओली बाळंतीण, उसाच्या कडेने एकटी. ऊस सळसळला की बिबट्याच आला असं वाटायचं, आणि तरी पाय थांबत नव्हते. ये बाबा तुला यायचं तर, मला घाई आहे.

बंगल्याच्या फाटकाशी मोठी गाडी उभी होती. म्हातारी ओसरीत शेंगा फोडत होती. मला बघून ती उठली. मी तिच्या पायावरच पडले.

"आजी, तुमची सटवाई आमच्या मोरीत आहे. मी तिच्यावर धुणं धुतलं. माझं बाळ डोळे उघडत नाही."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "ऊठ आधी. ओलं अंग तुझं."

तिने आत बघून लेकाला हाक मारली आणि गाडी काढायला लावली. म्हातारी उद्या पोरं घेऊन येईल अशी भीती एजंटने घातली होती, आणि हा तिचाच पोर. तो निमूटपणे चावी घेऊन आला.

खोलीत आल्यावर तिने दगडाकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ बाळाकडे गेली, त्याला दारातल्या उजेडात घेतलं, छातीवरची कातडी बोटाने दाबून बघितली. "पिवळं पडलंय लेकरू. पार हळदीवानी. दवाखान्यात न्या, आत्ताच्या आत्ता."

"पण सटवाईचा कोप..." आई म्हणाली.

"अवो, ती लेकरांची देवी हाय. मुताच्या दुपट्यांचा तिला कसला इटाळ? तिचं ती बघंल. डाक्टराचं डाक्टराला बघू द्या."

मी तरी विचारलंच. "तुम्हाला माहीत होतं, तर आधी का नाही बोललात?"

"पोटुशी बाईला भ्याव घालू नये पोरी. रोज येत व्हते आन् तिलाच सांगत व्हते, अजाण हाय, सांभाळून घे. आमच्याच पोरानं शेत इकलं आन् तिला चिखलात लोटली. भ्या तर मलाबी वाटायचं."

गाडीत बसायची वेळ आली. मला एकटीला बाळ सांभाळवत नव्हतं, आई हवीच होती. मी कुलूप हातात घेऊन दारात उभी राहिले. कुलूप आणि मोकळी खोली. एजंटचा मंत्र डोक्यात घणाघणा वाजत होता.

"कुलूप कशाला?" म्हातारी उंबऱ्यावर बसत म्हणाली. "तुमी जावा. मी हाय हितं."

जिच्यापासून खोली राखत होते, तिच्याच ओटीत मी चावी टाकली.

नवरा कंपनीतून थेट दवाखान्यात आला. बाळ पेटीत, निळ्या दिव्याखाली, डोळ्यांवर पट्टी बांधून निजलं होतं. कावीळ बरीच वाढली होती, अजून उशीर करून चाललं नसतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नवऱ्याने काचेतून बघितलं, डोळे पुसले आणि मग त्यांना आठवलं. "खोलीत कोण आहे?"

"म्हातारी."

ते बाकावर बसले. मग म्हणाले, "असू दे." मला त्या माणसाचा तेव्हा जितका लळा लागला तितका लग्नातही लागला नव्हता.

बाळ प्यायला लागलं, रडायला लागलं, दवाखाना डोक्यावर घेऊ लागलं, तेव्हा आम्हाला सोडलं. रिक्षा पायवाटेला लागली तशी मी बाहेर डोकावून बघायला लागले. काय दिसणार? देऊळ? कुंपण? भलतंच कुलूप?

दार सताड उघडं होतं. म्हातारी उंबऱ्यावरच बसली होती, जणू उठलीच नव्हती. दोरीवर बाळाची दुपटी वाळत होती. प्लॉटच्या कोपऱ्यात, पायवाटेकडे तोंड करून सटवाई उभी केली होती, ताज्या शेंदरात, दोन्ही डोळे जागच्या जागी. तिच्यासाठी वीतभर जागा गेली होती. नवऱ्याने हद्दीचे दगड नजरेने मोजले, बाकी सगळे होते तिथेच होते, आणि मग त्यांनी वाकून म्हातारीला नमस्कार केला.

मोरीत एक दुसरा दगड बसवला होता. काळा, गुळगुळीत, मधोमध झिजून खोलगट झालेला. मी त्यावरून हात फिरवत राहिले.

"माझ्या सासूचा हाय," म्हातारी बाळाला माझ्याकडून घेत म्हणाली. "घरात मशीन आल्यापास्नं पडून व्हता. आता आपट, किती आपटायचं ते."